डॉक्टरबाईंचा गळा

डॉक्टर नोएमी साल्झमान यांच्या गळ्याला काहीतरी झालंय हे पहिल्यांदा ओक्तावियोनं सांगितलं, आणि ते ऐकून बाईंना मनापासून आनंद झाला.

आनंदाला कारण होतं. ओक्तावियो शाळेत गणित शिकवायचा, चाळिशी उलटलेली, आणि त्याला झोप लागत नसे. तो तरुण असताना त्याच्या आईच्या गळ्याला गाठ आली होती. त्याला ती दिसली होती, पण आई तोंडाची फटकळ, काही सुचवलं की अंगावर येणार, म्हणून तो गप्प बसला, आणि आई गेली. हेच तो दर मंगळवारी ब्युनोस आयर्सच्या पालेर्मो भागातल्या बाईंच्या फ्लॅटवर येऊन, दिवाणावर छताकडे बघत, उगाळत असे. बाई त्याच्या डोक्यामागच्या खुर्चीत बसत. त्याला त्या दिसत त्या फक्त दारात, येताना आणि जाताना. आता तेवढ्या वेळात त्यानं आईची गाठ बाईंच्या गळ्याला नेऊन चिकटवली होती. मनाचा असा उघडा व्यवहार मनोविश्लेषणाच्या धंद्यात क्वचित हाती येतो. बाई तो सोडणार थोड्याच.

“राग मानू नका डॉक्टर,” तो म्हणाला होता, “पण डाव्या बाजूला सुजल्यासारखं दिसतंय. एकदा दाखवून घ्या ना कुणाला तरी.”

“म्हणजे तुमची आई परत आजारी पडली.”

“आई नाही हो. तुम्ही.”

“मी मरावं असं वाटतंय तुम्हाला,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आईबद्दलही वाटलं होतं. ते कबूल करायचं नाही, म्हणून ही काळजी.”

ओक्तावियो चिडला. पुढच्या खेपेला तो एका दवाखान्याचा पत्ता घेऊन आला. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि पत्ता लिहून घेताना मनात काय येत होतं ते विचारलं. सगळा हिवाळा असाच गेला. तो विनवायचा, बाई त्याला त्याची आई दाखवायच्या. शेवटी एके दिवशी तो ढसाढसा रडला. हो, म्हणाला, आई मरावी असं वाटायचं मला, आणि तुम्हीही. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. गळ्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

बाई मुळात शिकल्या होत्या डॉक्टरकीच. पण माणसाच्या अंगाला हात लावायचं काम त्यांनी तरुणपणीच सोडलं होतं, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. एकदा आरशासमोर हात आपसूक गळ्याकडे गेला, तो त्यांनी मध्येच आवरला. पेशंटच्या खेळात आपण उतरायचं नसतं, हा त्यांचा नियम. गुरुवारी मैत्रिणीकडे, एस्तेरकडे, चार-सहा मनोविश्लेषक जमत, तिथे त्यांनी ही केस मांडली. सगळे समोरासमोर बसले होते, उजेड चांगला होता, आणि बाई मान उंच करून वाचत होत्या. केसचं फार कौतुक झालं. बाई कितीतरी दिवस हवेत होत्या.

फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, ब्युनोस आयर्समधले झाडून सगळे मनोविश्लेषक पेशंटांना वाऱ्यावर सोडून समुद्रावर जातात. बाईही मार देल प्लाताला गेल्या. रोसारियोहून बहीण आली होती, पेर्ला. बस स्टँडवर तिनं मिठी मारली आणि लगेच मागे सरकली.

“हे काय गं गळ्याला? बटाटा गिळलायस की काय?”

मग सुया झाल्या, तपासण्या झाल्या. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. कापू, म्हणाला, पण पसरलंय. हिवाळ्यात आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

घरी येऊन त्यांनी एस्तेरला फोन लावला.

“मला दिसलं होतं गं,” एस्तेर म्हणाली. “पण तुझं एवढं कौतुक चाललेलं, मला वाटलं माझाच जळफळाट होतोय. मी ज्यांच्या दिवाणावर जाते ना, त्या माझ्या डॉक्टरांकडे बोलले त्यावर.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, छान काम झालं आज.”

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ओक्तावियो उन्हानं रापून आला. बाईंनी त्या उकाड्यात गळ्याला रुमाल गुंडाळला होता. तो आडवा झाला आणि सुट्टीत किती झोपलो, किती खाल्लं, ते खुशीत सांगू लागला. बाईंना त्याच्या त्या झोपेचा संताप आला. आपण भीतीनं रात्ररात्र जागतोय, आणि ज्यानं सगळ्यात आधी पाहिलं तो घोरतोय. स्वतःविषयी पेशंटला काही सांगायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना या माणसाला घाबरलेलं पाहायचं होतं. ‘मी सांगितलं होतं’ असं त्यानं एकदा तरी म्हणावं, एवढंच हवं होतं.

“ओक्तावियो,” त्या म्हणाल्या, “तुमचं बरोबर होतं. गाठ आहे. खरीच आहे.”

तो हसला. अगदी प्रेमानं हसला.

“नाही डॉक्टर. आता नाही फसायचो मी.”

“फसवत नाहीये. वळून बघा.”

त्यांनी रुमाल सोडला. गळा उघडा करून त्या पुढे वाकल्या. ओक्तावियोचं डोकं उशीवरून हललं नाही.

“डिसेंबरमध्ये दारात दिसली होती मला,” तो छताला सांगू लागला. “अक्रोडाएवढी. आधी घाबरलो. मग म्हटलं, बघ, अजून किती राग शिल्लक आहे तुझ्यात. आणि नजर वर घेतली, तुमच्या कपाळाकडे. पूर्वी असा गप्प बसलो असतो तर अपराधीपणानं जीव खाल्ला असता माझा. आता काही वाटलं नाही. हे तुमचे उपकार आहेत.”

“ओक्तावियो, मी मरतेय.”

“असं वाटतं तुम्हाला,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “मी जाईन म्हणून घाबरलात का? बरा झालेला पेशंट जातोच ना.”

मग तो तांदिलच्या डोंगरात घ्यायच्या छोट्या घराबद्दल बोलू लागला. बाई उघडा गळा घेऊन मागे बसून राहिल्या. इतका बरा झालेला माणूस त्यांच्या हातून आजवर घडला नव्हता.