मॉटचे घास

“रश्श्यात कांदा कुनी घातला?”

मेरेरिद, माझी शेजारीण, पळी उगारून चुलीपाशी उभी. बाहेर मेंढवाड्यात मेंढ्यांचा कल्लोळ, कातरायच्या यंत्रांची घरघर, ओल्या लोकरीचा आंबूस वास. आणि आत हिचा असा अवतार.

“मी घातला,” मी म्हटलं. “दर कातरणीला घालते. आजच काय बिघडलं?”

“मॉट हाय घरात!”

“अगं, रस्सा मानसांसाठी हाय.”

“आन मानसांचा हात किती सैल असतो, ते मला म्हाईत न्हाई व्हय? बेथन, एक बी बशी खाली ठिवू द्यायची न्हाई. कांदा गेला पिल्लाच्या पोटात, तर रगताचं पानी व्हतं त्याच्या.”

मी हसले. पण तिचे डोळे हसत नव्हते. त्या डोळ्यांत मागच्या पानगळीपासून एक भीती घर करून बसली होती. तिच्या घरचा म्हातारा कुत्रा पेरो नेच्यांच्या झाडोऱ्यात गेला तो परत आलाच नाही. गेथिनच्या, तिच्या नवऱ्याच्या, दोन्ही गुडघ्यांत राम राहिलेला नाही. आमचा डोंगर उघडा. ना कुंपण, ना भिंत. धुकं उतरलं की मेंढी म्हणजे नुसता आवाज. तो आवाज गोळा करून खाली आणायला कुत्रंच लागतं. गेथिननं स्पष्टच सांगितलं होतं, “कुत्रा तयार झाला तर कळप ऱ्हाईल. न्हाई तर विकू आन गावात खोली बघू.” मेरेरिद नुसती खिडकीतून डोंगराकडं बघत राहिली होती, माहेराकडं बघावं तशी.

मग वरच्या शेतावरच्या इव्होरनं आपल्या नेल कुत्रीचं पिल्लू दिलं. तोच हा मॉट. एक कान पांढरा, एक काळा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पोत्यातला कोरडा खुराक हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. जनावरांची डॉक्टरीण लाउरी म्हणाली, “खुराक तोच ठेवा, पण त्यात चवीला थोडं काही मिसळत जा. एका वेळी एकच नवी गोष्ट, चमचाभर. पोट मानतंय का बघा, मगच पुढची.” मेरेरिदनं ते व्रतासारखं धरलं. आधी उकडून कुस्करलेलं गाजर. मग बिनमिठाचं उकडलेलं अंडं. मग परसातले कोवळे वाटाणे. मग काटा न् काटा वेचलेला मासा. रोज सकाळी मॉटची शी बघायला काठी घेऊन अंगणात वाकायची.

“काय सोनं सापडतंय का?” इव्होर अंगणाच्या कुंपणावरून ओरडायचा.

“तुज्या डोक्यापरीस बरं हाय!”

पण पिल्लू भरत गेलं. बरगड्या झाकल्या, अंगावर तकाकी आली, आणि एके दिवशी कोंबड्यांना घेरून त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात उभं केलं. गेथिन उंबऱ्यावर बसून ते बघत होता. बघता बघता त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले.

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. नवं पिल्लू पहिल्या कातरणीला आलं, की मदतीला आलेल्या प्रत्येक शेजाऱ्यानं आपल्या ताटातला एक घास त्याला हातानं द्यायचा. डोंगर सगळ्यांचा, मेंढ्या एकमेकांत मिसळलेल्या. कुत्र्यानं सगळ्यांचा हात ओळखायला हवा, सगळ्यांची शीळ मानायला हवी. हातचा घास न मिळालेलं कुत्रं धुक्यात माणसापासून लांब पळतं, असं आमच्यात म्हणतात.

दुपारी लांब बाकांवर माणसं जेवायला बसली. मेरेरिद ससाण्यासारखी फिरत होती. “रश्श्यातला न्हाई! हाड न्हाई! इव्होर, मूठ उघड बघू!”

“मग काय देऊ बाई? माजं बोट?”

“पाव द्या नुसता. ह्यो घ्या, माज्या हातचा हाय.”

आणि तिनं स्वतः भाजलेला ठिपक्यांचा पाव कापून प्रत्येकाच्या हातात तुकडा ठेवला. मॉट एका हातापासून दुसऱ्या हातापाशी शेपूट नाचवत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कातरणी संपली, ऊन अजून कुरणावर लांबलेलं होतं. शेजारी आपापल्या मेंढ्या घेऊन निघाले. मी भांडी घासत होते. मॉटनं टेबलाखाली ओकारी काढली.

“लई खाल्लं असंल,” मी म्हटलं.

मेरेरिद पुसायला वाकली. वाकली ती उठेचना. फडक्यावर काळपट, टम्म फुगलेली एक मनुका होती.

“बेथन,” ती म्हणाली, आवाज असा की मला ओळखू येईना. “लाउरीनं सांगितलं व्हतं. कांदा, चाकलेट, द्राक्षं, मनुका. मी डबा फळीवर चढवून ठिवला, बघ, तिथं वर. मनुका म्हंजे डब्यातली, असंच धरून बसले मी. ठिपक्यांच्या पावातल्या मनुकंला मी मनुका म्हनतच न्हाई. पाव म्हनते.”

मी त्या डब्याकडं बघितलं. पिल्लाच्या काय, माझ्याही हाताला लागणार नाही इतक्या उंचावर होता.

गाडी मी काढली. ती मांडीवर मॉटला घेऊन बसली, ओठ त्याच्या डोक्यावर टेकवून. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी दगडी बांध. वळणावर आलो आणि मी ब्रेक दाबला. वाट पांढरीशुभ्र भरलेली. इव्होरचा कळप डोंगराकडं चालला होता. नव्यानं कातरलेल्या मेंढ्या, उघड्या-बोडक्या, आणि आपली आई न ओळखून टाहो फोडणारी कोकरं. गाडी ना पुढं, ना मागं.

“इव्होर! वाट दे!”

“कुठं देऊ? खिशात घालू व्हय मेंढ्या?”

मेरेरिदनं काच खाली केली. “मॉटनं मनुका खाल्ल्यात. आपन सगळ्यांनी घातल्यात.”

इव्होरचा हात, तोच घास दिलेला हात, हवेतच थांबला. मग त्यानं अशी शीळ घातली की बांधावरचे पक्षी उडाले. नेल, मॉटची आई, मेंढ्यांच्या पाठींवरून उड्या घेत पुढं आली, आणि पाण्यात होडी जावी तशी कळपात रेघ पडली. त्या रेघेतून मी गाडी घातली. आरशात इव्होर टोपी काढून वाटेत उभा दिसला.

लाउरीनं सुई टोचली. मॉट थरथरला आणि भडाभडा ओकला. पाव, पाव, आणि पाव. मग विष शोषून घेणारी कोळशाची काळी पूड पाण्यातून पाजली, पायाला सलाईन लावलं.

“निघालं ना सगळं?” मेरेरिदनं विचारलं.

“बरंच निघालं. पण कितीनं नुकसान होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. एखाद्याला मूठभर पचतं, एखाद्याची किडनी थोड्याशानंही बसते. आता तो लघवी करतो का, तेवढं बघायचं.”

मॉटला दवाखान्यात ठेवून घरी आलो. आणि मग आमच्या खोऱ्यात, जिथं चर्चमध्ये खोकायलाही माणसं लाजतात, तिथं फोन वाजायला लागले.

“मुतलं का गं?”

“न्हाई अजून.”

“मुतलं का?”

चर्चमधल्या पाळकबाईंनीही विचारलं, जरा घसा साफ करून. मेरेरिद फोनपाशीच बसलेली, समोर मॉटसाठी उकडलेलं गाजर गार होत चाललेलं. गेथिन खिडकीशी उभा राहून म्हणाला, “कळप गेला तरी चालंल. पिल्लू जगू दे.” तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापल्यावर लाउरीचा फोन आला. मेरेरिदनं ऐकलं, फोन ठेवला, आणि दारात जाऊन सबंध खोऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “मुतला गं बाई! धार मारली त्यानं!”

रक्ताच्या तपासण्या पुढं होत राहिल्या, प्रत्येकीला तिचा जीव टांगणीला. सगळ्या नीट निघाल्या.

इव्होरच्या गवतकापणीला मॉट तिच्या पायांशी होता. जेवणं झाली आणि एकेक जण पुढं आला. इव्होरनं मळकट रुमालाची गाठ सोडली. आत गाजर, उकडून बारीक कुस्करलेलं. लाउरीला विचारून केलं म्हणाला. दुसऱ्याकडं अंडं, तिसरीकडं वाटाणे.

“आदी हिकडं,” मेरेरिद म्हणाली. तिनं प्रत्येक तळव्यावरचा घास हुंगला, बोटानं चिवडला, चाखून बघितला. कुणी हसलं नाही.

“आज एकच,” ती म्हणाली. “इव्होरचा. बाकीच्यांनी उद्या, परवा, एकेक करून घरी या. पोट मानतंय का बघून.”

इव्होर गुडघ्यावर बसला. त्यानं हात पुढं केला आणि तिच्याकडं बघत तसाच धरून ठेवला.

“दे,” मेरेरिद म्हणाली, आणि श्वास रोखून बसली.