अडलेली वाळू

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक लांबट सभागृह डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना खुर्च्या, मध्ये टेबल, कोपऱ्यात गळत्या छताखाली ठेवलेली बादली. टेबलावर, लिपिकाच्या उजव्या हाताशी, वीतभर उंचीचे काही दिसते का? तेच मी. मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे.

एका काच फुंकणाऱ्या कारागिराने मला घडवले. त्याच्या पत्नीने वाळू सात वेळा चाळली. "तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं," ती म्हणाली आणि चिमूटभर वाळू परत काढून घेतली. पुढे मी नगरपरिषदेत आले. इथली रीत अशी, की ज्याला बोलायचे त्याने पुढे यावे, स्वतःच्या हाताने मला उलटे करावे आणि वाळू संपली की खाली बसावे. पहिल्या अध्यक्षीणबाई म्हणायच्या, "रोज उलटं होऊनही शब्द न फिरवणारं सभागृहात हे एकटंच!" सगळे हसत. मी कोणाच्याच बाजूचे नव्हते. शहाण्याची वाळू आणि बडबड्याची वाळू सारख्याच वेगाने पडे.

मग छत गळू लागले. माझ्या लाकडी बुडातून ओल आत शिरली आणि वाळू मधूनच मानेशी अडू लागली. म्हातारे लिपिक नखाने टिचकी मारत, की ती पुन्हा वाहे. ते निवृत्त झाले. नवे लिपिक नियमाला पक्के. "वाळू पडली नाही, म्हणजे वेळ संपली नाही," असे ते म्हणत. त्यामुळे भाषणे लांबू लागली. माझी दुरुस्ती विषयपत्रिकेवर शेवटी असे आणि शेवटापर्यंत सभा कधी पोहोचतच नसे.

त्या वर्षी एकच वाद होता : घरपट्टी वाढवायची की नाही. वाढली तर ओढ्यावरचा गंजलेला पूल नवा होणार होता आणि हे छतही. पूल दोर बांधून बंद केला होता. पलीकडच्या मुलांना शाळेसाठी मालमोटारींच्या रस्त्याने वळसा घालावा लागे. पाच सभा झाल्या, पाचही वेळा निर्णय पुढे ढकलला गेला.

सहाव्या सभेला मिशीवाले किराणा दुकानदार गरजले, "आज घरावर पट्टी, उद्या श्वासावर लावाल!"

"काका, पूल गंजलाय," अभियंताबाई म्हणाल्या. "भाषणं ऐकून तो काही सरळ व्हायचा नाही."

मग एक शिवणकाम करणारी बाई पुढे आली. तिने मला उलटे केले. तिची नऊ वर्षांची भाची शाळेतून थेट आली होती, तिचे बूट धुळीने पांढरे झालेले. ती टेबलाजवळच उभी राहिली.

"घर तेच, भिंती त्याच, मग पट्टी जास्त का?" बाई म्हणाली. "माझी शिलाई कोणी वाढवून देतं का?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण वाळू अडली आणि बाई बोलतच राहिली. आधी शिलाई, मग वीज, मग मागच्या अध्यक्षांची गाडी. वाळू वरच होती, म्हणून लिपिकांनी तिला थांबवले नाही. खिडकीबाहेर ऊन उतरू लागले. आणखी एक सभा हातची जाणार, हे मला दिसत होते.

मित्रांनो, वस्तू एका दिवसात बिघडत नाही. ती आधी जरा अडते. तेव्हाच कोणी टिचकी मारली, ओल पुसली, तर ती वर्षानुवर्षे साथ देते. माझे तसेच, पुलाचेही तसेच. अडल्याकडे काणाडोळा केला, की पुढे दोर बांधावे लागतात.

भाची माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिने वाकून माझ्या मानेवर टिचकी मारली. टक्! अडलेली चिमूटभर वाळू सरसर खाली आली.

"वेळ संपली," लिपिक म्हणाले. सभागृह हसले.

"अगं ए," आत्या डोळे वटारून म्हणाली, "तू कोणाच्या बाजूची?"

"पुलाच्या," ती म्हणाली. "आत्या, तू बस ना आता."

आत्या बसली. दुकानदार पुढे यायला उठले. पण टेबलाजवळ आधीपासून कोण उभे होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बोलणाऱ्याचे वय किती असावे, हे नियमात कुठेच लिहिलेले नव्हते. लिपिकांनी पुस्तक दोनदा चाळून पाहिले.

तोवर तिने दोन्ही हातांनी मला उचलले आणि उलटे केले.