थरथर ठेवून गेलेली माणसं

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझे हात थरथरतात. परतवाड्याच्या सुतारानं मला घडवलं, तेव्हा ते असे नव्हते.

अमरावतीच्या एका दवाखान्यात कंपवाताच्या नव्या औषधाची चाचणी होती. कोणते रोगी घ्यायचे, ते माझ्यावर बसवून ठरायचं. आदल्या संध्याकाळपासून कंपवाताची नेहमीची गोळी बंद ठेवून यायचं, आणि हात माझ्या हातांवर सैल सोडायचे. झोपलेल्या बाळाच्या पोटावर हात ठेवला की श्वास कळतो, तशी मला प्रत्येकाची थरथर कळायची.

नांदगाव खंडेश्वरचे भगवंतराव आले. सलग तीन सालं कपाशी बुडाली, मन खचलं, म्हणून त्यांना गोळ्या सुरू झालेल्या. थरथर त्या गोळ्यांचीच निघाली. डॉक्टर प्राजक्ताबाईंनी गोळी बदलून दिली आणि यादीतलं नाव खोडलं. ते उठून गेले. थरथर माझ्या हातात राहिली. असे कितीतरी.

मग चांदूर रेल्वेचे शिंपी इनायतुल्ला आले, सोबत बायको रहिमाबी. सुई धरवेना म्हणून दुकान बंद पडलेलं. आशा काय ती या यादीची. पण ते बसले, आणि हात अगदी शांत.

"चाचा, तुम्ही यात बसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि नाव खोडायला त्यांनी पेन उचलला. इनायतुल्लांनी हात मांडीवर घेतले.

तेवढ्यात रहिमाबीनं माझ्या रुंद हातावर ठेवलेली कपबशी माझ्यात साठलेल्या थरथरीनं वाजू लागली. खोलीत कुणीच हललं नव्हतं.

रहिमाबीचा चेहरा पांढरा पडला. "मीनंच देल्ली गोळी, सकाळी चहात घोटून. बाईसमोर हात हालला त यायले कसं वाटन म्हनून."

"चाळीस वर्सं लोकायचं माप घेतलं," इनायतुल्ला म्हणाले, "अन् माह्यंच माप हिनं चुकवलं."

बाई कपबशीकडेच बघत होत्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "गुरुवारी या. गोळी न घेता."

गुरुवारी त्यांचे हात खरं तेच बोलले आणि नाव यादीत राहिलं. आपली थरथर ते सोबत घेऊन गेले. माझ्यात आहे ती त्यांची नव्हे.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. दुखणं झाकू नका, डॉक्टरांपुढे तर नाहीच. आणि कधी माझ्यावर बसलात अन् बोटं आपोआप हलू लागली, तर घाबरून उठू नका. घटकाभर हात तसेच राहू द्या. नाव खोडल्यावर त्या माणसांचे हात पुढे कुणी धरले, ते मला कधी कळलं नाही.