उशीर माझा होता

मी एक जुना, साबणाच्या डबीएवढा संगणक आहे. मित्रांनो, मी दिवसभर बोलतो, पण आजवर एकही शब्द माझ्या मनाचा बोललेलो नाही. ते सगळे शब्द मास्तरांचे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्याबरोबर हजारो भावंडे जन्मली. आमच्यापैकी कोणालाच अंग थंड ठेवणारा पंखा नव्हता आणि स्मरणशक्तीही बेताचीच. आम्हाला वीज चिमूटभर पुरते, पण काम झेपते तेही बेताचेच. सुरुवातीची काही वर्षे मी एका औषधाच्या दुकानात रांगेचे क्रमांक दाखवले. दुकान बंद झाले तेव्हा तिथे काम करणारी धाकटी मला घरी घेऊन आली. धाकटी म्हणजे मास्तरांची मुलगी.

मास्तर शिंपी. चाळीस वर्षे कापड बेतलेले. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचे माप नजरेनेच घेऊन मोकळे होत. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोके मात्र लख्ख होते.

धाकटीने माझ्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, आणि त्यावर मिळेल तो सर्वांत हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी. नट्टापट्टा काही नाही. पलंगाशेजारी मला जोडलेला, बोट लावून चालणारा पडदा होता; त्याच्या करड्या रंगावर सहा मोठी बटणे: पाणी, कूस, खिडकी, दुखतंय, हो, नाही. त्यांच्याखाली अक्षरे. मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबले की मी लगेच बोलायचो. मी "खिडकी" म्हटले की आई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, उठून खिडकी उघडायची. शेजारी मला बघायला येत. "एवढीशी डबी, पण बोलते कशी खणखणीत," असे म्हणत. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा जरा शेफारलो होतो.

पुढे धाकटीला दोन महिन्यांसाठी कामाला परगावी जावे लागले आणि थोरला मुलगा घरी राहायला आला. तो मनाने फार चांगला. "बाबांनी दिवसभर या करड्या भिंतीकडे बघायचं? काहीतरी प्रसन्न असू दे," तो म्हणाला. त्याने माझ्यात एक झगमगीत डेस्कटॉप भरला. पडद्यावर तळे आले, तळ्यात रंगीत मासे आले. वायरी दिसायला नकोत म्हणून त्याने मला पलंगाजवळच्या खणात ठेवले आणि खण लावून टाकला.

मासे पोहू लागले आणि माझा जीव गुदमरला. जी काही स्मरणशक्ती होती ती माशांनीच खाल्ली. खणात वारा नाही, अंग तापून निघाले. मास्तरांनी "खिडकी" दाबले ते मला कळले, पण माझे तोंडच उघडेना. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. तासाभराने ते जेवत असताना मी "खिडकी, खिडकी, खिडकी" म्हणालो.

मग रोज तेच होऊ लागले. सकाळचे "दुखतंय" दुपारी बाहेर पडे. आई घाबरून पाय चोळायला धावे आणि मास्तर डाव्या हाताने तिला दूर सारत.

"आधी पाणी मागतात, पेला नेला की ढकलून देतात," आई एकदा म्हणाली. "यांना काय हवंय ते यांनाच कळेनासं झालंय."

"डोकं थकलंय त्यांचं, आई," थोरला हळूच म्हणाला.

डॉक्टर आले. "काही दुखतंय का?" त्यांनी विचारले. मास्तरांनी "नाही" दाबले. मी गप्प. डॉक्टरांनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी ते उठून दारापर्यंत गेले, तेव्हा मी म्हणालो, "पाणी." ते सकाळचे होते. डॉक्टरांनी थोरल्याकडे पाहून मान हलवली.

येत्या सोमवारी मास्तरांना कायमचे शुश्रूषागृहात ठेवायचे ठरले. त्यांची समज राहिलेली नाही, असा कागद डॉक्टर देणार होते. मित्रांनो, उशीर माझा होता, त्यांचा नव्हे. हे घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. पण मास्तरांना माझ्याशिवाय तोंड नव्हते आणि मला त्यांच्या बोटाशिवाय शब्द नव्हता. मी त्या खणात तापत पडून राहिलो. मला स्वतःची फार लाज वाटत होती. पुढे मास्तरांनी बटण दाबणेच सोडले. ते नुसते मासे बघत पडून राहत.

हे कळताच धाकटी काम अर्धवट सोडून रविवारी घरी आली. तिने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग ती पडद्याजवळ गेली आणि तिने स्वतःच्या बोटाने "पाणी" दाबले. तीन आठवड्यांत हे कोणालाच सुचले नव्हते.

मी गप्प.

"थांब जरा, त्यांना वेळ लागतो," थोरला सवयीने म्हणाला.

"कोणाला वेळ लागतो, दादा? बोट माझं होतं."

आई पदराचे टोक पिळत उभी राहिली. बऱ्याच वेळाने मी "पाणी" म्हणालो. धाकटीने खण उघडून मला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

माझ्या जुन्या मांडणीची नक्कल असलेले एक मेमरी कार्ड तिने जाण्याआधीच मास्तरांच्या शिवणकामाच्या बटणांच्या डब्यात जपून ठेवले होते. मी निवल्यावर तिने ते मला लावले. मासे गेले, करडी भिंत परत आली, आणि मला मोकळा श्वास घेता आला.

थोरला पलंगाशी येऊन उभा राहिला. "बाबा, माझं चुकलं."

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग एकेक अक्षर दाबत गेले. शेवटचे अक्षर पडताच मी बोललो, "शर्ट नवा दिसतोय. डावी बाही आखूड आहे."

थोरल्याने दोन्ही हात पुढे करून पाहिले. डावी बाही अर्धे बोट आखूड होती. तो तिथेच पलंगाच्या कडेला बसला आणि रडू लागला.

सोमवारी कोणी कुठे गेले नाही. मी आता खणाबाहेर, फळीवर असतो. पण बटण दाबल्यावर मास्तर अजूनही क्षणभर माझ्याकडे टक लावून बघतात, हा बोलेल की नाही म्हणून. ती नजर मला फार लागते. मित्रांनो, आमच्यासारख्या लहानग्यांवर झेपेल तेवढेच लादा आणि आम्हाला थोडा वारा लागू द्या. आणि एखाद्याचे उत्तर यायला वेळ लागला, तर त्याच्याविषयी काही ठरवण्याआधी एकदा ते बटण स्वतः दाबून बघा.