तिन्ही दुकानांचं विरजण

दह्याच्या भगोन्याच्या काठाशी दही नासल्याची फिकट गुलाबी रेघ होती, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. आदल्या दिवशी तुकोगंजच्या आमच्या दुकानात दहीवडा खाऊन तीन गिऱ्हाइकं आजारी पडली होती.

"तुकोगंज बंद ठेवू. बाकीची दोन चालू राहू दे," बाबा म्हणाले.

"बाबा, रोज सकाळी इथून, परदेशीपुऱ्यातूनच तिन्हीकडे विरजण जातं. मग बाकीची दोन चांगली कशी?"

मी विचारलं. बाबांची मिल बंद पडली तेव्हा आईने पहिलं दही लावलं होतं. ती गेल्यावरही त्याच दह्याचं विरजण पुढे चालत आलं. ते बदला, प्रत्येक दुकानाचं वेगळं ठेवा, असं मी दोन वर्षं सांगत होते. बाबा "देखेंगे" म्हणत.

मिलमधले त्यांचे जोडीदार उदयसिंहकाका वडे तळायचे थांबले. "चांगदेव भिया, भाभी होतीं तो ये भगोना कब का फेंक देतीं."

बाबांनी वाकून ती रेघ पाहिली. मग म्हणाले, "तिन्ही दुकानं बंद. दही सगळं फेका. बोर्डावर खरं कारण लिही, बेटा. आणि अन्नखात्याची जांच झाली की नवीन विरजण तू लाव."