गप्प होते ती आपली

छताच्या पोकळीत डोकं खुपसून ती शिडीवर उभी होती आणि तिच्या हातातली कांडी रडत होती.

वायर शोधायचं यंत्र होतं ते. नर्सच्या टेबलापाशी वायरमन मामांनी त्याचा डबा एका वायरीला जोडला होता. वर कांडी त्या वायरीजवळ गेली की टॅहँ-टॅहँ व्हायचं. अगदी तान्ह्या बाळासारखं. बाळंतपणानंतर काम शिकायला परत आल्यापासून तिची हीच पंचाईत होती. कांडी रडली की हिला पान्हा फुटायचा.

"झालं का गं?" खालून मामा.

"होतंय!" म्हणत तिनं ओढणी पुढे ओढली. खिशात फोन मघापासून थरथरत होता. सासूबाईच असणार.

वॉर्डातली एक खोली कायमची बंद झाली होती. तिच्या घंटीची, मामांनी डबा जोडलेली, वायर तेवढी कापायची. पण छतातल्या जोडणीच्या डबीतल्या सगळ्याच वायरी करड्या, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या. चुकीची कापली, तर कुणी आजारी माणूस बटण दाबत राहील आणि टेबलावर कुणाला पत्ताच लागणार नाही. मामांनी कटर आज पहिल्यांदा तिच्या हाती दिला होता.

एका वायरीपाशी कांडीनं गळाच काढला. हीच! तिनं कटर लावलासुद्धा.

"शेजारणीचं रडणं ऐकूनही वायरी सूर धरतात," मामा म्हणायचे. "रडते तिच्यावर भाळू नकोस. तिचे दोन स्क्रू जोडून बघ. गप्प होते ती आपली."

तिनं दात खाऊन कटर खाली घेतला. स्क्रूड्रायव्हर दोन्ही स्क्रूंवर आडवा टेकवला. रडणं चालूच. आणि खाली टेबलावर घंटी वाजली. दुसऱ्याच खोलीची वायर; तिचे स्क्रू जोडणं म्हणजे तिथलं बटण दाबणंच.

"आले हो, आजोबा!" सिस्टरच्या चपला फटफटत गेल्या, फटफटत आल्या. "हात हलवून नाही म्हणतात. तुम्ही वर खेळताय का?"

"शिकतेय ती," मामा म्हणाले.

"माझ्या पायांवर?"

त्यांचीच वायर ती कापणार होती. घशाच्या ऑपरेशननंतर आजोबांना हाकही मारता येत नव्हती.

तिनं फोन उचलला. "आई, मला उशीर होईल."

"अगं, घर डोक्यावर घेतलंय त्यानं!"

"वाटीचमच्यानं पाजा ना. काढून ठेवलंय."

"चमचा थुंकतो तुझा लेक. बापावर गेलाय."

फोनमध्ये एक रडत होतं, हातात दुसरं. "आले रे, आले," ती पुटपुटली. कुणाला, तिचं तिलाच कळेना.

पुढची वायर. घंटी. त्यापुढची. घंटी.

"आता मी काही उठायची नाही," सिस्टर म्हणाल्या.

"उठा हो सिस्टर! एखादी खरी असली तर?" ती वरून ओरडली. चपला कुरकुरत गेल्या.

पुढचे स्क्रू तिनं जोडले आणि कांडी गप्प झाली. घंटीही नाही. तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला, रडणं सुरू. टेकवला; गप्प. मग कापली.

शिडी उतरताना तिचा कुर्ता पुढून ओलाचिंब होता. मामांनी खुंटीवरचं आपलं जाकीट पुढे केलं. "पळ आता."

"आजोबांचं बटण बघते आणि जाते."

"मघाशी वाजली की त्यांची."

"तेव्हा कापलं नव्हतं ना, मामा."

आजोबांनी खुणेनं विचारलं, दाबू? तिनं मान हलवली. त्यांनी अंगठा ठेवला तो काढेचनात. टेबलावर नुसता कल्लोळ.

"आता कोण?" सिस्टर ओरडल्या.

"खरी आहे, खरी आहे!" म्हणत ती जिन्यावरून धावत सुटली.