मागे गेलेला आकडा

बाबांचा आजार घरात सगळ्यांत आधी मला कळला असं मी समजत होते, आणि चार महिने मी तो कुणाला कळू दिला नाही.

बाबा छोट्या वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. नोकरीत असताना छंद म्हणून सुरू केलं आणि निवृत्तीनंतर त्यातच बुडून गेले. पुस्तकांची यादी, शोध, देवघेव, दंड अशा प्रत्येक कामाचं एक मॉड्यूल, मिळून एकोणीस. तीनेकशे वाचनालयं ती फुकट वापरायची. ही मॉड्यूलं वाचनालयांना पाठवणाऱ्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना 'मास्तर' म्हणायचे, कारण दुसऱ्याच्या कोडमधली शुद्धलेखनाची चूकसुद्धा त्यांना खपत नसे.

माझं काम पॅकेजिंगचं. अनेकांनी लिहिलेलं गोळा करायचं, नीट बांधायचं आणि वापरणाऱ्यांपर्यंत पोचवायचं. त्यासाठी मी एक छाननीचा प्रोग्राम लिहिला होता. तो एकेक फाइल न चालवता नुसती वाचतो, सुरुवातीच्या ओळींतून मॉड्यूलचं नाव आणि आवृत्तीचा आकडा उचलतो आणि यादी करतो. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान निघाला, किंवा एकच नाव दोन फायलींत सापडलं, तर लाल ओळ दाखवून थांबतो. हा प्रोग्राम बिनचूक आहे म्हणून ऑफिसात माझी मान ताठ होती.

एका मंगळवारी तो बाबांच्या 'देवघेव'वर अडला. आधीची आवृत्ती चार पॉइंट आठ होती, नवी आली चार पॉइंट सहा. मी लगेच फोन लावला.

"बाबा, तुमची देवघेव उलटी चालायला लागली की काय?"

ते मोठ्याने हसले. "अगं, हात घसरला असेल. आत्ता करून पाठवतो."

अर्ध्या तासाने फाइल आली. आवृत्ती चार पॉइंट पाच.

मीच आकडा दुरुस्त केला आणि पुढच्या कामाला लागले. दोन आठवड्यांनी पुन्हा लाल ओळ आली. 'शोध' नावाची मॉड्यूलं दोन होती. दुसरी उघडून पाहिली, तर बाबांनी सगळा शोध पहिल्यापासून नव्याने लिहिला होता. यादी रिकामी असेल तर काय करायचं, त्या जागी टिपण होतं, 'टाकीतच पाणी नसेल तर नळाला बोल लावू नये.' जुन्या फायलीतही तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. मधे चौदा वर्षं गेली होती. आपण हे एकदा लिहून बसलोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी दुसरी फाइल पुसून टाकली. मग माझ्या प्रोग्रामात एक ओळ घातली, की मास्तरांच्या फायलींना हरकत घेऊ नकोस. पुढचे चार महिने त्यांचे आकडे मी हातानेच सावरत राहिले. रविवारी घरी जायचे तेव्हा ते गप्पा मारत, टिंगल करत. त्यांची वाक्यं आई पुरी करायची, पण ती तर जन्मभर करत आलेली. मी मनाला बजावलं, वय झालंय, एवढंच.

मग एका शाळेच्या वाचनालयातल्या बाईंचं पत्र आलं. मुलांनी परत केलेली पुस्तकं अजून बाहेरच दिसत होती. वीस-पंचवीस मुलांना उगाच बोलणी बसली होती. आमच्या प्रमुखांनी शोध घेतला, तर 'देवघेव'ची जुनी फाइल नव्या आकड्याने पुढे गेलेली, आणि ते थेट माझ्या त्या ओळीपाशी येऊन थांबले. मला बोलावून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"ही कधीची?"

"चार महिन्यांपूर्वीची."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मास्तरांना डॉक्टरकडे नेलंस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"आधी ते कर. बाकीचं नंतर बघू."

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे साधारण कधीपासून?"

"हल्लीच," आई म्हणाली. "झाले असतील दोन-तीन आठवडे."

बाबा मधे बसून शर्टाचं बटण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. मी पर्समधून छापील यादी काढली. कुठल्या दिवशी कुठला आकडा मागे गेला, सगळं तारखेनिशी. आई यादीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी कुणालाच दोष दिला नाही. औषधाने स्मृतीची घसरण थोडी मंदावते, एवढंच म्हणाल्या. आधी आलो असतो तर काही चांगले महिने वाढले असते का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित."

बाहेर बाकावर आईने मला धरलं. "तुला माहीत होतं?"

"आणि तुला?"

"वर्ष होईल. घराचा पत्ता लिहून त्यांच्या खिशात ठेवते मी रोज."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांच्या कामाविषयी इतकं कौतुकाने बोलायचीस. म्हटलं, निदान तिथे तरी ते शाबूत आहेत."

मला हुंदका आवरेना. "मी म्हणत होते, निदान घरी तरी."

पुढच्या शनिवारी मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्रत्येक फायलीत जबाबदार माणूस म्हणून माझं नाव आहे. ते काढ आणि तुझं घाल. काम झेपत नसताना नाव ठेवणं म्हणजे लोकांची फसवणूक."

पहिल्या फायलीतलं नाव त्यांनी स्वतः पुसलं, एकेक अक्षर करत. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीला त्यांनी माझा हात धरला. "थांब, थांब. हे काय करतेस? माझं नाव का काढतेस?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. "मग बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "काढ."

सातवी फाइल होताच त्यांनी पुन्हा विचारलं. आता मात्र खरं बोलायला माझी जीभ रेटेना. "काही नाही बाबा, किरकोळ दुरुस्ती आहे," म्हटलं आणि त्यांना आईजवळ नेऊन बसवलं. उरलेल्या बारा फायली मी दार लोटून एकटीने केल्या. प्रोग्रामातली माझी ती ओळ काढली, छाननी लावली. एकोणीस नावं, एकोणीस आकडे, लाल काहीच नाही. एवढं बिनचूक काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि एवढी रडलेही नसेन.

प्रमुखांनी मला कामावर ठेवलं. शाळेतल्या त्या बाईंना मी खरं काय ते कळवलं आणि मुलांची माफी मागितली.

आता आई आणि मी रोज संध्याकाळी फोनवर बोलतो आणि काही म्हणजे काही लपवत नाही. काय विसरले, काय आठवलं, जेवले की नाही. काल आई म्हणाली, "आज मला 'ताई' म्हणून हाक मारली त्यांनी. बहीण समजले मला."

"तू काय केलंस?"

"ओ दिली. काय करणार?"

बोलणं संपलं, तरी फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.